देवगड : एका स्तरित नगराचे वाचन

स्पेनच्या दक्षिण भागात, ग्वादलक्विवीर नदीच्या काठी, कॉर्डोबा नावाचे एक प्राचीन नगर आहे. तेथील थोरली मशीद आज ख्रिस्ती कॅथीड्रल म्हणून नांदते. तिच्या आत पाऊल टाकण्यापूर्वी यात्रिकास एक विस्तीर्ण अंगण ओलांडावे लागते. त्या अंगणात नारिंगाची झाडे रांगेने उभी आहेत, आणि म्हणून त्यास 'नारिंगांचे अंगण' असेच नाव पडले आहे. पांढुर्णा-सौंसरच्या वाचकास हे वाचून आपल्या मळ्यांची आठवण व्हावी, हे स्वाभाविकच आहे. संस्कृतातील 'नारंग' हा शब्द इराणातून अरबांकडे गेला, अरबांनी तो झाडासह स्पेनमध्ये नेला, आणि स्पॅनिश भाषेत तो 'नारांखा' होऊन बसला. उलट आपल्याकडे त्याच कुळातील फळाला जे 'संत्रे' हे नाव रूढ झाले, ते पोर्तुगालमधील सिन्त्रा या गावावरून आले असे मानतात. म्हणजे आपला शब्द त्यांच्या अंगणात आणि त्यांच्या गावाचे नाव आपल्या मळ्यात! इतिहास अशी देवघेव करताना कोणाचीही अनुज्ञा घेत नाही.

आम्ही कॉर्डोबा पाहिलेले नाही. पाहण्याचा योग येईल असेही वाटत नाही. जे काही जाणतो ते ग्रंथांतून व चित्रांतून. परंतु त्या नगराविषयी वाचीत असताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली व ती अशी की, प्राचीन नगर कसे पाहावे याचे शिक्षण कॉर्डोबा फार उत्तम रीतीने देते. आणि ते शिक्षण उपयोगात आणावयास आम्हांस समुद्र ओलांडण्याची गरज नाही. सिलेवानीचा घाट चढून गेले म्हणजे पुरे. छिंदवाड्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, मोहखेडच्या बाजूस, देवगड नावाचे जे आज एक लहानसे खेडे आहे, ते एके काळी राजधानीचे नगर होते. त्या देवगडाविषयी चार शब्द लिहावे हा या लेखाचा हेतू आहे. पण आधी कॉर्डोबाचा धडा वाचून घेऊ.

कॉर्डोबाची वसाहत रोमन लोकांनी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात केली. पुढे बेतिका नामक रोमन प्रांताची ती राजधानी झाली. तत्त्वज्ञ सेनेका व कवी लुकन यांचा जन्म याच गावचा. नदीवरचा प्राचीन पूल अनेकदा दुरुस्त झाला असला तरी आजही 'रोमन पूल' म्हणूनच ओळखला जातो. रोमनांमागून व्हिसिगॉथ आले. ७११ साली आफ्रिकेतून अरब व बर्बर यांची सेना स्पेनमध्ये उतरली आणि ७५६ साली, दमास्कसहून जीव घेऊन निसटलेला उमय्या घराण्यातील राजपुत्र पहिला अब्द-अल-रहमान याने कॉर्डोबास आपली गादी स्थापिली. ७८५ च्या सुमारास त्याने मशिदीचे काम आरंभिले, आणि पुढील दोन शतकांत त्याच्या वंशजांनी व मंत्र्यांनी ती वाढवीत नेली.

ही मशीद बांधताना कारागिरांपुढे एक अडचण होती. हाताशी जे स्तंभ होते ते जुन्या रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतून काढलेले. कोणी उंच, कोणी ठेंगणे, आणि बहुतेक सारे एवढ्या विशाल दालनाच्या छतास अपुरे. तेव्हा त्यांनी एका कमानीवर दुसरी कमान चढविली. खालची कमान खांबांना परस्परांशी बांधून ठेवते, वरची छताचा भार घेते. लाल विटा व पांढरा दगड आळीपाळीने बसविल्यामुळे त्या कमानींना पट्टेदार रूप आले. रोमनांनी मेरिदा येथे बांधलेल्या उंच पाटाच्या कमानी पाहून ही कल्पना सुचली असावी, असे काही कलाभिज्ञ म्हणतात. आज तेथे ८५६ स्तंभ उभे आहेत. जगभरचे लोक ज्या सौंदर्यासमोर स्तब्ध होतात त्याचे मूळ आखूड खांबांच्या अडचणीत आहे, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते.

१२३६ साली कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो याने नगर जिंकले व मशिदीचे कॅथीड्रल झाले; पण ती पाडली गेली नाही. १५२३ साली मात्र तिच्या पोटात ख्रिस्ती पद्धतीचे एक उत्तुंग मंदिर उभारण्यास आरंभ झाला. ते करण्यास ज्या सम्राटाने संमती दिली, त्यालाच पुढे ते पाहून खेद वाटला, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो; आज त्या एकाच छताखाली रोमन खांब, मूर कमान व ख्रिस्ती वेदी अशा तिन्ही पिढ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. १९८४ साली ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आली.

कॉर्डोबाच्या पश्चिमेस सुमारे आठ किलोमीटरवर आणखी एक स्थळ आहे. तिसरा अब्द-अल-रहमान याने ९३६ साली तेथे मदिनत-अल-झहरा नावाचे राजनगर वसविण्यास आरंभ केला. डोंगराच्या उतारावर तीन टप्प्यांत महाल, बागा व हौद रचले गेले. पण पाऊणशे वर्षे झाली न झाली तोच, १०१० च्या सुमारास, यादवीत ते लुटले गेले, ओस पडले, आणि नंतर शतकानुशतके लोकांनी तेथले दगड आपल्या कामांसाठी वाहून नेले. १९११ साली तेथे उत्खनन सुरू झाले आणि २०१८ साली ते स्थळही जागतिक वारसा ठरले. वाचकांनी ही जोडी ध्यानात ठेवावी: एक नगर जे नांदत राहिले, आणि एक राजनगर जे ओस पडले. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्या भूमीकडे वळू. कॉर्डोबात जशी रोमनांची तळाची पायरी आहे, तशी आपल्या मुलखात वाकाटकांची व राष्ट्रकूटांची आहे. ती इमारतींत फारशी दिसत नाही. ती ताम्रपटांत आहे. खुद्द पांढुर्ण्यास वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा, त्याच्या राज्याच्या २९ व्या वर्षीचा, ताम्रपट सापडला आहे. हा राजा इसवी सनाच्या पाचव्या शतकातला. गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता ही त्याची माता. पतीच्या निधनानंतर तिने अल्पवयी पुत्रांच्या वतीने राज्य चालविले. तिची नंदिवर्धन ही राजधानी म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन होय. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे सर्व लेख एकत्र संपादून १९६३ साली प्रसिद्ध केले, त्यांत पांढुर्ण्याचाही लेख आहे. आमच्या गावचे नाव विद्वानांच्या टेबलावर इतकी वर्षे आहे, आणि आमच्या गावात ते किती जणांस ठाऊक आहे?

दुसरा दाखला याहून मनोरंजक आहे. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे राष्ट्रकूट राजा तृतीय कृष्ण याचा शके ८६२ म्हणजे इसवी सन ९४० चा ताम्रपट मिळाला. त्यात 'नागपुर-नंदिवर्धन' या विभागातील एका गावाचे दान सांगितले असून, त्या गावाच्या चतुःसीमांमध्ये कन्दना नदी व मोहमग्राम यांची नावे आहेत. ही कन्दना म्हणजे आपली कन्हान आणि मोहमग्राम म्हणजे सौंसर तालुक्यातील मोहगाव, असे संशोधकांनी सुचविले आहे. आपण ज्या मोहगावावरून नित्य जातो-येतो त्याच्या नावाला हजार वर्षांची साक्ष असणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय 'नागपुर' हे नावही तेथे आले आहे. तेही १७०२ साली नागपूर शहर वसविले गेले असे आपण शिकतो त्याच्या साडेसातशेहून अधिक वर्षे आधी.

या तळाच्या पायरीवर दुसरी पायरी चढली ती गोंड राजांची. देवगडच्या घराण्याचा मूळ पुरुष जाटबा. त्याच्याविषयीची लोककथा अशी की, तो एका कुमारिकेच्या पोटी वालाच्या वेलीखाली जन्मला. आई कामाला गेली असता नागाने त्याच्यावर फणा धरून सावली केली. मोठा झाल्यावर तो देवगडच्या गवळी राजांच्या चाकरीस राहिला, आणि लाकडी तलवारीने रेडे मारण्याची अशक्य आज्ञा झाली तेव्हा देवीच्या प्रसादाने ती तलवार लोखंडाची होऊन त्याने रेड्यांबरोबर त्या राजांचाही निःपात केला. कथा म्हणून हिचे मोल मोठे आहे. आधी गवळ्यांचे राज्य होते व ते गोंडांनी घेतले, ही लोकस्मृती तिच्यात जपलेली आहे. इतिहासाच्या बाजूने पाहता, 'ऐन-इ-अकबरी'त खेडला सरकारच्या प्रकरणात जाटबाचा उल्लेख असून त्याच्यापाशी २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ व १०० हत्ती असल्याची नोंद आहे. आकडे फुगविलेले असतील. परंतु दिल्लीच्या दप्तराने ज्याची दखल घ्यावी असे सामर्थ्य या डोंगरात होते, एवढे निश्चित.

१६३७ साली मोगल सरदार खान दौरान या प्रांतावर चालून आला व त्याने नागपूरचा किल्ला वेढला. त्या वेळी गादीवर असलेल्या कोकशाहाने खंडणी व हत्ती देऊन राज्य राखले. या प्रसंगातही नागपूर हे नाव आहे, हे सहज सांगून ठेवतो. पुढे या घराण्यातील सर्वांत कर्तबगार पुरुष बख्त बुलंद हा १६८६ च्या सुमारास औरंगजेबाच्या दरबारी गेला. भाऊबंदकीच्या कलहात त्यास बादशाही पाठबळ हवे होते. ते त्याने इस्लामचा स्वीकार करून मिळविले. देवगडाचे नाव 'इस्लामगड' झाले. पण हाच बख्त बुलंद पुढे बादशहाविरुद्ध उठला, आणि संतापलेल्या औरंगजेबाने त्यास 'बख्त बुलंद' म्हणजे थोर भाग्याचा असे न म्हणता 'निगून बख्त' म्हणजे हीन भाग्याचा म्हणावे, असे फर्माविले म्हणतात. धर्म बदलला म्हणून मनगट बदलत नाही, हे यावरून दिसते. ज्या देवगडाचे 'इस्लामगड' झाले होते, ते लोकांच्या मुखी देवगडच राहिले. आणि ज्या राजाने नाव बदलू दिले त्याला लोकांनी टाकले नाही.

बख्त बुलंदाची खरी थोरवी युद्धांत नव्हे, वसाहतीत आहे. त्याने शेतकरी, कारागीर व व्यापारी यांना, हिंदू असोत वा मुसलमान, जमिनी व सवलती देऊन बोलाविले. रान तोडून गावे वसविली. १८२७ साली रिचर्ड जेन्किन्स या इंग्रज रेसिडेंटाने नागपूर राज्याविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या राजाच्या या कार्याची मुक्तकंठाने वाखाणणी आहे. घाटाखालच्या आपल्या काळ्या जमिनीत आज ज्यांची शेते आहेत त्यांनी क्षणभर थांबून विचार करावा की, ही भूमी नांगराखाली आणण्यात एका गोंड राजाचा केवढा हात होता. १७०२ साली त्याने नाग नदीकाठच्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर शहराचा पाया घातला. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानीच तेथे नेली; शहराभोवती तट बांधला, आणि जुम्मा तलाव, म्हणजेच आजचे गांधीसागर, तयार केला.

येथे कॉर्डोबाची ती जोडी आठवावी. राजधानी गेली तेव्हा देवगड ओस पडू लागले आणि नागपूर नांदू लागले. देवगड हे आपले मदिनत-अल-झहरा होय, नागपूर हे आपले कॉर्डोबा. फरक इतकाच की, कॉर्डोबाचा नागरिक आठ किलोमीटरवरच्या त्या उजाड राजनगराला आपल्याच नगराचे अंग मानतो. नागपूरच्या वा सौंसरच्या किती नागरिकांना देवगडाविषयी तसे वाटते?

आता प्रत्यक्ष गडाकडे जाऊ. पावसाळा सरला की माघ महिन्यापर्यंतचा काळ त्यास उत्तम. सौंसरहून घाट चढताना भाषा, शेते व झाडे यांत पडत जाणारा फरक पाहत जावे. खाली कापूस व संत्री, वर डोंगर व साग. गड सुमारे साडेसहाशे मीटर उंचीच्या डोंगरावर आहे आणि सभोवती रान आहे. वर चढताना प्रवेशद्वार लागते. मग नगारखाना, कचेरी, हत्तीखाना, बादल महाल असे म्हणून दाखविले जाणारे अवशेष, मशीद, आणि 'मोती टाके' नावाचा हौद. या हौदाचे पाणी कधी आटत नाही अशी त्याची ख्याती आहे. कमानी, कोनाडे व चुन्याचे काम यांवर मोगल शैलीची छाप उघड दिसते. त्यावरून हे 'मोगलांचे' काम असा निष्कर्ष काढणारे प्रवासी आम्ही ऐकले आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. कॉर्डोबाच्या रोमन खांबांवर कमान चढविणारा हात जसा रोमन नव्हता, तसा देवगडच्या मोगली कमानीमागील धनी मोगल नव्हता. घडण कोणाची यावरून मालकी कोणाची हे ठरत नाही. दिल्लीच्या तऱ्हेची कमान आपल्या डोंगरावर उभारणारा गोंड राजा दिल्लीचा गुलाम झाला नाही. त्याने फक्त चालू काळाची भाषा उचलली.

देवगडविषयी दोन दंतकथा प्रत्येक वाटाड्याच्या तोंडी असतात. पहिली अशी की, गडापासून थेट नागपूरपर्यंत भुयार आहे. सातपुड्याची उतरण आणि वाटेतील नद्यानाले ध्यानात घेता असे भुयार संभवत नाही, हे शाळकरी मुलासही पटावे. म्हणून ती कथा टाकून द्यावी काय? आमच्या मते नाही. राजा येथून तेथे गेला, राजलक्ष्मी येथून तेथे गेली, हे लोकांनी पाहिले. ती गेली कशी, याचे उत्तर त्यांनी भुयाराच्या रूपाने दिले. भुयार जमिनीत नाही, इतिहासात आहे. देवगड व नागपूर यांचे नाते जोडणारी ती जनतेची भाषा आहे.

दुसरी कथा विहिरींची. आठशे विहिरी व नऊशे बावड्या या नगरात होत्या असे म्हणतात. संख्या कथेची आहे. परंतु पायथ्याच्या परिसरात दगडी बांधणीच्या विहिरी व बावड्या खरोखरच पुष्कळ आहेत. राजधानीत हत्ती, घोडे, फौज व बाजार असावयाचा तर डोंगराळ मुलखात पावसाचे पाणी अडविणे, मुरविणे व पायऱ्या बांधून ते माणसाच्या हाताशी आणणे याखेरीज गत्यंतर नव्हते. ज्या राजवटीने हे साधले तिला रानटी म्हणणाऱ्याने आधी एक बावडी बांधून दाखवावी. अलीकडच्या काही वर्षांत रोजगार हमीच्या कामांतून तेथील अनेक बावड्यांचा गाळ काढला गेला व त्यांतील काहींत पुन्हा पाणी दिसू लागले. तीन शतकांपूर्वीची बांधणी आजच्या मजुराच्या कुदळीने पुन्हा कामास यावी, याहून पुरातत्त्वाचे अधिक जिवंत रूप कोणते?

देवगडच्या इतिहासातील तिसरी पायरी भोसल्यांची. १७३९ च्या सुमारास चांद सुलतान निवर्तला, आणि बख्त बुलंदाचा दासीपुत्र वलीशाह याने गादी बळकाविली. तेव्हा चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघुजी भोसले यांस साहाय्यास बोलाविले. रघुजींनी वलीशाहाचा पाडाव करून राणीच्या पुत्रांस गादीवर बसविले. पण त्या दोघा भावांतच तंटा उपस्थित झाला, पुन्हा रघुजींस बोलावणे गेले, आणि १७४३ पासून सत्ता भोसल्यांच्या हाती राहिली. गोंड राजा मात्र नामधारी का होईना कायम ठेवण्यात आला. त्याला उत्पन्न दिले गेले आणि त्याचा मान राखला गेला. येथेही कॉर्डोबाचा धडा लागू पडतो: जिंकणाऱ्याने आधीचे सारे पुसून टाकले नाही.

परंतु जे रघुजींनी केले नाही ते आम्ही मास्तरांनी केले. हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटतो, पण लेखाचे खरे कारण तेच असल्यामुळे लिहिणे भाग आहे. आम्ही कित्येक वर्षे वर्गात नागपूरच्या राज्याचा इतिहास रघुजींपासून आरंभीत आलो. त्याआधीचा भाग 'गोंडांचे राज्य होते' एवढ्या एका वाक्यात आटोपत असू. काही वर्षांपूर्वी असाच धडा चालू असता, आठवीच्या वर्गातील शेवटच्या बाकावर बसणारा एक गोंड मुलगा, जो एरवी कधी तोंड उघडीत नसे, उठून म्हणाला, "सर, भोसल्यांच्या आधी आमचे राजे होते ना?" आम्ही "होते, होते" म्हणून पुढचे पान उलटले. तो खाली बसला. त्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाचा एक शब्द आमच्या मनातून जाईना. तो शब्द 'आमचे'.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलावयाचे तेव्हा 'आम्ही'; त्याला आत घेऊन बोलावयाचे तेव्हा 'आपण'. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. संस्कृतातही तो नाही. द्राविडी कुळातील भाषांत तो फार जुना आहे, आणि मराठीने तो त्यांच्या सहवासात उचलला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. गोंडी ही द्राविडी कुळातीलच भाषा. म्हणजे ज्यांना आम्ही इतिहासाच्या एका वाक्यात आटोपीत होतो त्यांच्या भाषाकुळाचे ऋण आमच्या प्रत्येक वाक्यात आहे. त्या मुलाने 'आमचे राजे' म्हटले, कारण 'आपले राजे' म्हणण्याची मुभा आम्ही त्याला कधी दिलीच नव्हती.

आमच्या या भागास 'आपले कोण' हा प्रश्न नवा नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी अशी आमची रीत पडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर जो गोटमारीचा मेळा भरतो त्याची बातमी हिंदीत छापली जाते, आणि त्यासंबंधीची भांडणे व समेट मराठीत होतात! २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर त्यात आले. देवगड मात्र छिंदवाडा जिल्ह्यातच राहिले. नकाशावर आणखी एक रेघ पडली. आमची भीती ही की, जिल्ह्याची ही रेघ उद्या स्मरणातही ओढली जाईल आणि 'देवगड तिकडचे' असे आम्हीच म्हणू लागू. महाराष्ट्राने आम्हांस 'तिकडचे' म्हटले म्हणून ज्यांना वाईट वाटते, त्यांनी तोच शब्द दुसऱ्यास लावू नये.

आम्ही इतिहासकार नाही आणि आमच्या हाती कुदळही नाही. शिक्षकाच्या हाती असते ती सहल आणि खडू. म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, आपल्या दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक शाळेने आठवी-नववीच्या मुलांस एकदा तरी देवगडावर न्यावे, आणि नेण्यापूर्वी पांढुर्ण्याचा ताम्रपट, मोहगावचे नाव, जाटबा, बख्त बुलंद व रघुजी हा क्रम फळ्यावर लिहून द्यावा. नाहीतर सहल म्हणजे डब्यातील पुऱ्या व परतीच्या गाडीतील गाणी एवढेच उरते. दुसरी, गडावर नाव कोरणाऱ्या हाताला तेथेच अडवावे, आणि पडलेला दगड, मग तो कितीही देखणा असो, तेथेच राहू द्यावा. मदिनत-अल-झहराचे दगड वाहून नेणारे लोक शत्रू नव्हते, शेजारीच होते. तिसरी, वर्गात जी मुले गोंडी बोलतात त्यांच्या घरून जाटबाची कथा मागवावी, आणि ती त्यांनी सांगावी, आपण ऐकावी.

यातील तिसरे आम्ही करून पाहिले. गेल्या मार्गशीर्षात मुलांस घेऊन गडावर गेलो असता मोती टाक्याच्या काठावर आम्ही कथा सांगावयास घेतली आणि वालाच्या वेलीपर्यंत येऊन थांबलो. पुढची कथा एका गोंड मुलीने सांगितली. आजीकडून ऐकलेली, आमच्या पुस्तकातील पाठापेक्षा थोडी वेगळी व पुष्कळ अधिक रसाळ. ती 'आमचा राजा' म्हणतच सांगत होती. कथा संपल्यावर संत्र्याच्या फोडी वाटता वाटता एका कुणब्याच्या मुलाने तिला विचारले, "मग आपल्या राजाची ती तलवार आता कुठे आहे?"

तलवार कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण 'आपल्या' हा शब्द त्या मुलाच्या तोंडून आमच्या शिकवणीवाचून आला होता, आणि त्या एका शब्दासाठी घाट चढून जाणे आम्हांस सार्थकी लागले असे वाटले.